पाच एचपीची मोटर ईएसपी32 वरून चालू-बंद करायची आहे, निळा रिले पुरेल का?

संत्राबाग_वरुड

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. विहिरीवर पाच एचपीची थ्री फेज मोटर, साधा डीओएल स्टार्टर (मोटरला थेट पूर्ण लाइन देणारा), हिरवं-लाल बटन. विहीर गावापासून दोन किलोमीटरच्या वर. थ्री फेज लाइन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की वडील बॅटरी आणि काठी घेऊन निघतात. धुऱ्यावर कमरेएवढं गवत, साप असतात, रानडुकरांचे कळप असतात. मी नागपूरला कामाला आहे, रोज जाणं होत नाही. त्यांचं हे रात्रीचं जाणं मला थांबवायचं आहे.

बर्डीवरून ईएसपी32 (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि दोन चॅनेलचं 5 व्होल्टचं रिले मोड्यूल (बोर्डाच्या सिग्नलवर चालणारे दोन स्विच) आणलं. टेबलावर बल्ब लावून पाहिला, मोबाइलवरून बरोबर चालू-बंद होतो. रिलेच्या निळ्या डबीवर 10 ॲम्पियर, 250 व्होल्ट एसी असं छापलं आहे. मोटरच्या पाटीवर 7.5 ॲम्पियर. मग प्रत्येक फेजला एक असे तीन रिले लावले तर चालेल का?

रिवाइंडिंग_मोर्शी

भाऊ, तीन रिलेचा विचार आधी डोक्यातून काढा. पाटीवरचे साडेसात ॲम्पियर मोटर पूर्ण वेगात आल्यावरचे आहेत. डीओएलवर उठताना मोटर त्याच्या सहा-सातपट ओढते. म्हणजे सुरुवातीचे काही क्षण 45 ते 50 ॲम्पियर, आणि ते त्या इवल्याशा पट्टीतून. दुसरं, डबीवरचं 250 व्होल्ट हेही वाचा. तुमच्या दोन फेजच्या मधात 415 आहेत.

माझ्याकडे अशीच एक मोटर जळून आली होती, सोबत तो रिले बोर्डही आणला होता. निळी डबी ब्लेडनं कापून पाहिली. आत पातळ पट्टी असते, तिच्या टोकाला मुगाच्या डाळीएवढा चांदीच्या मिश्रधातूचा ठिपका. समोरच्या टोकावर तसाच दुसरा. दोन्ही वितळून एकजीव झालेले, झाकण आतून काळं. कॉइलची सप्लाय काढली तरी पट्टी सुटत नव्हती. तीनपैकी दोन रिले असे चिकटले होते आणि एक सुटला होता. मोटर दोन फेजवर अडकली. स्टार वाइंडिंग होतं, उघडल्यावर दोन फेजची कॉइलं कोळसा आणि तिसऱ्या फेजची नवीसारखी. हे चित्र दिसलं की समजायचं, मोटर सिंगल फेजिंगनं, म्हणजे एक फेज तुटून गेली.

रिलेनं मोटर चालवायची नाही. रिलेनं फक्त स्टार्टरचं बटन दाबायचं. मोटरचा करंट स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर (कॉइलनं ओढला जाणारा मोठा स्विच) सांभाळतो, तो त्यासाठीच बनवलेला आहे.

स्टार्टरची कंट्रोल वायरिंग पाहा. एका फेजपासून निघालेली वायर ओव्हरलोडच्या (करंट जास्त झाला की तोडणाऱ्या) संपर्कातून जाते, मग लाल बटनातून, मग हिरव्या बटनातून कॉन्टॅक्टरच्या कॉइलला, आणि कॉइलचं दुसरं टोक दुसऱ्या फेजवर. हिरव्या बटनाला समांतर होल्डिंगचा संपर्क असतो, म्हणून बोट काढलं तरी मोटर चालू राहते. पहिल्या रिलेचे कॉमन आणि एनओ (एरवी उघडा संपर्क) हिरव्या बटनाच्या दोन टोकांना समांतर लावा. प्रोग्राममधून एक सेकंद ओढायचा आणि सोडायचा. दुसऱ्या रिलेचे कॉमन आणि एनसी (एरवी जोडलेला संपर्क) लाल बटनाच्या सिरीजमध्ये. तो एक-दोन सेकंद ओढला की कॉइलची सप्लाय तुटते, मोटर बंद. ओव्हरलोड आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर जिथल्या तिथं राहतात. त्यांना हात लावायचा नाही.

आता सर्वात महत्त्वाचं. स्टार्टर उघडून कॉइलवर काय छापलंय ते वाचा. आपल्याकडच्या शेतीच्या स्टार्टरमध्ये बहुतेक कॉइल 415 व्होल्टचीच असते. तशी असेल तर तुमचा 250 व्होल्टचा रिले बटनाच्या जागीही लावू नका. करंट थोडा असला तरी व्होल्टेज त्याच्या कुवतीबाहेर आहे.

संत्राबाग_वरुड

धन्यवाद भाऊ. वडिलांकडून फोटो मागवला. कॉइलवर 415 व्ही 50 हर्ट्झ लिहिलं आहे. मग आता?

रिवाइंडिंग_मोर्शी

दोन रस्ते आहेत. तुमच्या डीपीवरून न्यूट्रल विहिरीपर्यंत पक्का आला असेल तर त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची 230 व्होल्टची कॉइल मिळते, ती बदलून कंट्रोल फेज-न्यूट्रलवर करून घ्या. वावरातला न्यूट्रल मात्र भरवशाचा नसतो. वाऱ्या-वादळात न्यूट्रल तुटला तर 230 च्या जागी कितीही चढतो, पार 415 च्या जवळ, आणि कॉइलसोबत तुमचा ईएसपीचा चार्जरही जाईल.

मला दुसरा रस्ता पसंत आहे. 415 चे 230 करणारा छोटा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घ्या, 100 व्हीएचा पुरतो. त्याच्या 230 वर दोन छोटे ऑक्झिलरी कॉन्टॅक्टर बसवा, एक स्टार्टसाठी आणि एक स्टॉपसाठी, ज्यांचे संपर्क 415 ला चालतात. तुमचा निळा रिले फक्त या छोट्या कॉन्टॅक्टरची कॉइल ओढेल. त्यांचे संपर्क बटनाचं काम करतील. ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंना फ्यूज टाका. खर्च वाढतो हे खरं आहे. पण मग मोटर आणि बोर्ड यांच्यात दोन पायऱ्या उभ्या राहतात.

लॅब_परतवाडा

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, म्हणून बोर्डाच्या बाजूचं लिहिते.

तुमच्या मोड्यूलवर एका कोपऱ्यात जेडी-व्हीसीसी असं लिहिलेला जंपर असेल. तो जागेवर ठेवला तर रिलेची कॉइल आणि ईएसपी एकाच सप्लायवर आणि एकाच ग्राउंडवर राहतात. मग बोर्डावरच्या काळ्या चार पायांच्या ऑप्टोकपलरचा (दोन्ही बाजू वेगळ्या ठेवून उजेडातून सिग्नल नेणारा भाग) काहीच उपयोग होत नाही. जंपर काढा. जेडी-व्हीसीसीला आणि तिथल्या ग्राउंडला 5 व्होल्टची वेगळी सप्लाय द्या, व्हीसीसीला ईएसपीचे 3.3 व्होल्ट. यानं आणखी एक दुखणं जातं. व्हीसीसी 5 व्होल्टवर ठेवून पिन 3.3 वर नेली तर मधात 1.7 व्होल्टचा फरक उरतो, आणि काही बोर्डांवर तेवढ्यानं रिले पूर्ण सुटत नाही. व्हीसीसी 3.3 केलं की तो फरकच संपतो.

हे मोड्यूल पिन लो (0 व्होल्ट) केल्यावर ओढणारं आहे. बोर्ड चालू होताना पिन क्षणभर कुठेही असू शकते आणि रिले टक्‌ करून वाजतो. टेबलावर बल्ब एकदा मिचकला तर बिघडत नाही, पण स्टार्टच्या रिलेनं हे केलं तर लाइन येताच मोटर उठेल. त्यासाठी इनपुट पिनपासून 3.3 व्होल्टला 10 किलोओहमचा रेझिस्टर लावा, आणि प्रोग्राममध्ये पिन आउटपुट करण्याच्या आधी तिला हाय लिहा, नंतर नाही. पिनही निवडून घ्या. 0, 2, 5, 12 आणि 15 या पिना बूटच्या वेळी ईएसपी स्वतःसाठी वाचतो, त्या सोडा. 34 ते 39 फक्त इनपुट आहेत. 25, 26, 27, 32, 33 यांतल्या वापरा.

रिलेची कॉइल साधारण 70 ओहमची असते, एक रिले 70 मिलिॲम्पियरच्या आसपास घेतो. दोन रिले आणि ईएसपीचं वायफाय धरून 5 व्होल्टच्या दोन्ही सप्लाय मिळून किमान 1 ॲम्पियरच्या असू द्या. टेबलावर चाललेला बोर्ड शेतात रीसेट होतो, त्याचं कारण पुष्कळदा अशक्त सप्लाय असते.

आणि बोर्डाच्या खालच्या बाजूला 230 व्होल्ट उघड्या सोल्डरवर असतात. प्लास्टिकच्या डब्यात, प्लास्टिकच्याच स्पेसरवर बसवा. लोखंडी स्टार्टरच्या डब्यात मोकळा टाकू नका.

ठिबक_कळंब

मोर्शीवाल्या भाऊंनी स्टॉपचा रिले एनसीवर सांगितला. मला ते पटत नाही. समजा मोटर चालू आहे आणि ईएसपी अडकला. एनसीवर असलेला रिले तसाच जोडलेला राहील, मोटर चालूच राहील. विहिरीतलं पाणी संपलं तरी चालेल. माझ्या मते स्टॉपचा रिले एनओवर हवा आणि ईएसपी जिवंत असेपर्यंत त्यानं तो ओढून धरावा. ईएसपी मेला की रिले सुटला, मोटर बंद. बंद होणं ही सुरक्षित बाजू आहे.

रिवाइंडिंग_मोर्शी

कळंबच्या भाऊंचं तत्त्व बरोबर आहे, कारखान्यात तसंच करतात. पण वावरात ईएसपी बिघडला आणि त्याच रात्री ठिबक देणं गरजेचं असलं तर म्हाताऱ्या माणसानं काय करायचं? बटन दाबलं तरी मोटर उठणार नाही. मग तो पट्टी टाकून स्टार्टर डायरेक्ट करील, ओव्हरलोडसकट सगळं बायपास करून. असे स्टार्टर माझ्याकडे नेहमी येतात.

ठिबक_कळंब

मग ऑटो-मॅन्युअलचा सिलेक्टर स्विच टाका. ऑटोवर माझी वायरिंग, मॅन्युअलवर ईएसपी पूर्ण बाजूला आणि जुनं हिरवं-लाल बटन जसंच्या तसं. डायरेक्ट करायची गरजच राहणार नाही. सोबत प्रोग्राममध्ये वॉचडॉग टाका, अडकला तर स्वतः रीसेट होईल. रीसेट झाल्यावर मोटर बंद अवस्थेतच उठली पाहिजे, आधी चालू होती म्हणून पुन्हा चालू करायची नाही.

रिवाइंडिंग_मोर्शी

सिलेक्टर असेल तर मला मान्य आहे. तसंच करा, वरुडचे भाऊ. स्टॉपचा ऑक्झिलरी पण मग एनओचाच घ्या.

जागली_तिवसा

मंडळी, या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. मी सांगतो ती जीवाची आहे. विहिरीवर कोणी काम करून राहिला आणि पोरानं नागपूरवरून मोबाइलवर बटन दाबलं तर? फूट वाल्व साफ करायला माणूस विहिरीत उतरतो, पंपाचं पॅकिंग बदलताना हात शाफ्टवर असतो. आजवर मोटर सुरू करणारा माणूस मोटरजवळच उभा असायचा, त्याला दिसत होतं. आता तो दिसणार नाही.

म्हणून कामाला हात लावायच्या आधी मेनच्या तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढायच्या आणि स्वतःच्या खिशात टाकायच्या. डब्यावर ठेवायच्या नाहीत, खिशातच. ज्याच्या खिशात किटकॅट तोच मोटरचा मालक, काम होईपर्यंत. सिलेक्टर मॅन्युअलवर केला म्हणून भागत नाही, कारण कोणी येणारा-जाणारा फिरवू शकतो. आणि स्टार्टरच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, ही मोटर मोबाइलवरून सुरू होते. सालदाराला, मजुरांना तोंडी सांगा. नवीन माणूस आला की पुन्हा सांगा.

संत्राबाग_वरुड

जागली भाऊ, हे लिहिल्याबद्दल फार आभार. पाटी उद्याच रंगवायला देतो.

अजून एक शंका. लाइन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी असं प्रोग्राममध्ये टाकलं तर वडिलांना मोबाइलही लागणार नाही. ऑटो स्विच करतो तेच काम.

ठिबक_कळंब

करू शकता, पण लाइन आल्याबरोबर नको. एका डीपीवर पंधरा-वीस मोटरी असतात. सगळ्यांना ऑटो लावलेले असले की लाइन येताच सगळ्या एकदम उठतात, प्रत्येक सहापट करंट ओढते. व्होल्टेज खाली बसतं, मोटरी उठता उठत नाहीत, फ्यूज जातात, आणि शेवटी रोहित्र जळतं. ते बदलून मिळेपर्यंत सगळ्यांची वावरं वाळतात. ऑटो स्विच लावू नका, कॅपॅसिटर लावा, असं महावितरण दरवर्षी सांगतं, ते याचसाठी.

साध्या ऑटोला थांबणं जमत नाही, तुमच्या ईएसपीला जमतं. लाइन आल्यावर दोन ते पंधरा मिनिटांमधली कोणतीही वेळ त्याला रँडम निवडू द्या, मगच स्टार्ट. तिन्ही फेजचं व्होल्टेज त्या वेळात स्थिर आहे का तेही पाहू द्या. शेजाऱ्यांनाही हाच प्रोग्राम द्या. एका डीपीवरच्या सगळ्यांनी केलं तर त्याचा खरा फायदा.

धान_पवनी

चांगली चर्चा सुरू आहे. माझा प्रश्न थोडा वेगळा. आमच्याकडे धानात रानडुकरं फार नुकसान करतात, एका रात्रीत बांधी लोळवतात. हाच रिले टायमरवर लावून रात्री दहा ते पहाटे चार कुंपणाच्या तारेत लाइन सोडता येईल का? दिवसा आपोआप बंद राहील, म्हणजे माणसाला धोका नाही.

लॅब_परतवाडा

नाही. कृपया हे करू नका, आणि कोणी करत असेल तर त्यालाही थांबवा. रात्री दहा ते चार शेतात माणसं असतात. जागलीला जाणारे असतात, मोटर सुरू करायला निघालेले असतात, शेजारचं पोर पाण्याची पाळी द्यायला येतं. हा धागाच अशा एका वडिलांसाठी उघडला आहे. 230 व्होल्टच्या तारेला चिकटलेला माणूस स्वतः सुटू शकत नाही, कारण स्नायूच आवळले जातात. तुमचा टायमर वेळेवर बंद होईल, पण वर मोर्शीच्या भाऊंनी चिकटलेल्या रिलेचं लिहिलं आहे ते पुन्हा वाचा. चिकटला तर सकाळी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठीही तार जिवंत असेल.

जागली_तिवसा

अशा तारांनी आपल्या विदर्भात माणसं गेली आहेत, वाघ-बिबटे गेले आहेत. शेजाऱ्याचा बैल गेला तरी घर बसते. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, वन्यप्राणी मेला तर 1972 चा वन्यजीव कायदा, आणि लाइनवर आकडा टाकला असेल तर वीजचोरी वेगळी. धानाचं नुकसान मी समजतो भाऊ, आमच्याकडे रोही तेच करतात, पेरलेलं उगवू देत नाहीत. पण हा रस्ता नाही.

लॅब_परतवाडा

पर्याय सांगते. प्रमाणित झटका मशीन घ्या, 12 व्होल्टच्या बॅटरीवर आणि छोट्या सोलर पॅनेलवर चालणारं. त्यात व्होल्टेज हजारोंमध्ये असतं, पण धक्का सेकंदाला साधारण एकदाच आणि अगदी क्षणभराचा असतो. आंतरराष्ट्रीय मानकात एका धक्क्याच्या ऊर्जेवर 5 ज्यूलची मर्यादा घातली आहे. दोन धक्क्यांच्या मधात जनावराला मागे सरकायला वेळ मिळतो. तुमचा रिले वापरायचाच असेल तर झटका मशीनची 12 व्होल्टची सप्लाय रात्री चालू, दिवसा बंद करण्यासाठी वापरा. डीसीला या रिलेची कुवत 30 व्होल्टपर्यंतच छापलेली असते, 12 व्होल्टला तो योग्य आहे. मेनची लाइन त्या मशीनला किंवा तारेला कधीही जोडायची नाही.

धान_पवनी

समजलं ताई. झटका मशीनचंच पाहतो. लाइन सोडणार नाही.

सोलर_दारव्हा

डीसीचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझ्याकडे योजनेतला सोलर पंप आहे. पॅनेलच्या वायरीत रिले टाकून पंप बंद करावा असं डोक्यात होतं. वरचं वाचून प्रश्न पडला.

लॅब_परतवाडा

अजिबात नको. सिरीजमधल्या पॅनेलचं डीसी व्होल्टेज शेकड्यांत जातं. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून संपर्क सुटताना उठलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. या रिलेचा संपर्क उघडला तरी मधात आर्क जळत राहील आणि डबी पेट घेईल. तुमच्या कंट्रोलरवर फ्लोट स्विचसाठी किंवा रिमोटसाठी वेगळे टर्मिनल दिलेले असतील तर रिलेचा कोरडा संपर्क (ज्यावर बाहेरचं व्होल्टेज दिलेलं नाही) फक्त तिथे जोडा, तेही पुरवठादाराला विचारून, नाहीतर वॉरंटी जाते.

संत्राबाग_वरुड

सगळं वाचून आराखडा पक्का केला: कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, दोन ऑक्झिलरी, सिलेक्टर, वेगळा प्लास्टिकचा डबा. जोडणी गावातल्या परवानाधारक वायरमनकडून करून घेणार. विहिरीवर वायफाय नाही म्हणून सिम800एल मोड्यूल (मोबाइल सिमवर चालणारं) घ्यायचं ठरवलं आहे. कॉन्टॅक्टर ओढताना-सुटताना बोर्ड रीसेट होतो असं वाचलं, त्याला काय करायचं?

रिवाइंडिंग_मोर्शी

ऑक्झिलरीच्या 230 व्होल्टच्या कॉइलला समांतर स्नबर (व्होल्टेजचा झटका शोषणारे रेझिस्टर आणि कपॅसिटर) लावा, 100 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरड, कपॅसिटर एक्स2 प्रकारचाच (मेन लाइनसाठी बनवलेला). रिलेच्या संपर्कावर लावू नका, कारण संपर्क उघडा असतानाही त्यातून सात मिलिॲम्पियर वाहत राहतात आणि छोटी कॉइल गुणगुणते. मेन कॉइल 415 ची आहे, तिला 415 चा तयार सर्ज सप्रेसर मिळतो, तो घ्या. सिग्नलच्या वायरी पॉवरच्या वायरींसोबत एका पाइपात घालू नका.

अर्थिंग पाहून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि अर्थ नावापुरता राहतो. मार्चपासून पावसापर्यंत खड्ड्यात पाणी टाकत जा. डब्याची भोकं केबल ग्लँडनं बंद करा. मुंग्या संपर्कात शिरतात, पाली शिरतात, कुंभारमाशी कॉन्टॅक्टरच्या फटीत मातीचं घर करते आणि कॉन्टॅक्टर पूर्ण बसत नाही.

लॅब_परतवाडा

सिम800एल फक्त 2जी वर चालतं, त्यात जिओचं सिम चालणार नाही, त्यांच्याकडे 2जी नाही. विहिरीवर ज्याचं 2जी सिग्नल येतं ते सिम घ्या, किंवा 4जी मोड्यूल घ्या. सिम800एल क्षणभर 2 ॲम्पियर ओढतं आणि त्याला 3.4 ते 4.4 व्होल्टच लागतात. ईएसपीच्या 3.3 वर जोडू नका. ठरावीक नंबरांवरूनच आदेश घेईल असं लिहा.

आणि रिले वाजला म्हणजे मोटर सुरू झाली असं धरू नका. एका फेजच्या वायरीवर क्लॅम्पचा करंट सेन्सर घाला. करंट आला तरच वडिलांना मोटर चालू असा संदेश जाऊ द्या.

संत्राबाग_वरुड

त्या सेन्सरनंच ड्राय रनही (मोटर पाण्याविना चालणं) पकडता येईल का? मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी दोन-अडीच तासांतच तुटतं.

रिवाइंडिंग_मोर्शी

येईल. विहीर भरलेली असताना मोटर चालवून करंट लिहून ठेवा, समजा 7 ॲम्पियर. पाणी तुटलं की लोड उतरतो आणि करंट पडतो. नेहमीच्या सत्तर टक्क्यांखाली दहा-पंधरा सेकंद सलग राहिला की बंद करा. पहिले काही सेकंद मोजू नका, उठतानाचा करंट वेगळाच असतो. बंद झाल्यावर विहिरीला झरायला वेळ द्या, तुमची विहीर किती वेळात भरते ते वडिलांना विचारून तेवढा आकडा टाका.